हाताला उत्तर न देणारं काम

पुण्यात तयार झालेली लशीची कुपी संभाजीनगर जिल्ह्यात खुलताबाद तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राच्या गावी पोहोचते, तेव्हा तिच्यामागे फार मोठी व्यवस्था उभी असते. कारखान्यातली शीतगृहं, राज्याचं भांडार, जिल्ह्याचं भांडार, प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर म्हणजे लशीचा खास फ्रिज आणि शेवटी चार आइसपॅक घातलेली छोटी पेटी. ती पेटी खांद्याला अडकवून कुणीतरी मोटारसायकलवर गल्ले बोरगावच्या किंवा बाजार सावंगीच्या बाजूला निघतं. अंगणवाडीत सतरंजी पसरलेली असते. आशाताईंनी घरोघर फिरून आयांना गोळा केलेलं असतं. सिस्टर कुपी काढतात, सिरिंज भरतात, बाळाच्या मांडीत टोचतात. बाळ कळवळून रडतं, आई त्याला छातीशी धरते, कार्डावर तारीख पडते आणि पुढच्या बाळाचं नाव पुकारलं जातं.

लस बाळाला लागू पडली की नाही, हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं. सिस्टरांना नाही, आईला नाही, तालुक्याच्या डॉक्टरांनाही नाही. उद्याही ते कळणार नाही आणि बहुतेक वेळा कधीच कळणार नाही. डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेविका यांनी लसीकरणाचं शिक्षण नोकरीभर चालू का ठेवायचं, याचं खरं कारण मला इथे दिसतं. ते सावकाश उलगडून बघू.

वैद्यकीतलं बरंचसं ज्ञान अनुभवातून येतं, आणि ग्रामीण भागात तर फारच. जुलाबाने सुकलेलं लेकरू सकाळी आणलं, सलाइन लावलं, तर दुपारपर्यंत त्याचे डोळे उघडतात. चुकीचं औषध दिलं तर रोगी दुसऱ्या दिवशी परत येतो, नातेवाईक जाब विचारतात. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरांना तर मिनिटामिनिटाला कळत असतं की आपण बरोबर जातोय की चुकतोय. रोगी हाच गुरू असतो. वीस वर्षं हे काम केलेल्या माणसाचा हात नुकत्याच शिकून आलेल्या मुलापेक्षा बहुधा चांगला असतो, कारण वीस वर्षं त्या हाताला उत्तरं मिळत आलेली असतात.

लशीच्या कामात हे उत्तरच येत नाही. बाळ निरोगी आलं होतं, निरोगी गेलं. डांग्या खोकला झाला नाही, हे लशीमुळे की आजार गावात आलाच नाही म्हणून, हे एका बाळाकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही. लस वाया गेलेली असली तरी बाळ तसंच हसतं-खेळतं राहतं. वीस वर्षांत हजारो बाळांना टोचलेल्या हातालाही आपण बरोबर टोचलं की नाही याची खबर मिळत नाही. म्हणून इथे नुसतं वय आणि नोकरीची वर्षं पुरत नाहीत. अनुभव जे शिकवत नाही ते मुद्दाम, ठरवून, पुन्हापुन्हा शिकावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं. पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवीच्या लशीचे वण अजून दिसतात. देवी काढायला गावात माणूस यायचा आणि काही दिवसांनी परत फेरी मारायचा. टोचलेल्या जागी फोड उठला, खपली धरली, की लस लागू पडली असं समजायचं. उठला नसेल तर पुन्हा टोचायचं. ती लस आपलं उत्तर कातडीवर लिहून जायची. टोचणाऱ्याला शाळा फारशी नसली तरी त्याचं काम त्याला शिकवत होतं. आता बीसीजी सोडली तर नेहमीच्या लशींपैकी कुठलीच अशी खूण मागे ठेवत नाही. बीसीजीची खूणही दिसते तेवढी सरळ नाही. वण उठला नाही म्हणून लस फुकट गेली असं मानायचं नसतं आणि ती परत द्यायची नसते. डोळ्याला दिसणारा पुरावासुद्धा इथे शिकल्याशिवाय नीट वाचता येत नाही.

आता उन्हाळ्याचं बघू. खुलताबाद डोंगरावर आहे, म्हैसमाळची हवा जवळ आहे, तरी एप्रिल-मेमध्ये खालच्या गावांत ऊन कसं असतं हे मराठवाड्यात वाढलेल्याला सांगायला नको. लस थंड ठेवायची, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी मनावर ठसतं. उन्हाची भीती खरीही आहे. तोंडाने द्यायची पोलिओची लस उष्णतेला सगळ्यांत हळवी. म्हणून काळजी करणारी, मन लावून काम करणारी सिस्टर फ्रीझरमधून काढलेले, दगडासारखे कडक आइसपॅक तसेच पेटीत घालते. जितकं गार तितकं चांगलं, असा तिचा हिशेब असतो. आणि त्याच काळजीपोटी पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, गोठते.

पेंटाव्हॅलेंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लशींत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण असतात आणि लशीचे घटक त्या कणांना धरून असतात. लस गोठली की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. मग ती वितळवा, हलवा, पुन्हा दोन ते आठ अंशांत ठेवा, तिची ताकद परत येत नाही. कुपी हलवली की पुन्हा पांढुरकी दिसते आणि सिरिंजमध्ये नेहमीसारखी भरते. कुपीवर वर्तुळात एक चौकोन असतो, तो बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. हा चौकोन फक्त उष्णता नोंदवतो. लस गोठून गेली तरी तो फिकाच राहतो, म्हणजे वापरा असंच सांगत राहतो. मग कळायचं कसं? त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवायची, वितळवायची, संशयित कुपीबरोबर एकाच हातात धरून हलवायची आणि दोन्ही टेबलावर ठेवून बघत बसायचं. गोठलेल्या कुपीत गाळ भराभर खाली बसतो आणि वर पाणी निवळतं. चांगली कुपी बराच वेळ गढूळ राहते. ज्याने हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तो आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवतो, त्यावर दव येईपर्यंत आणि कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबतो. ज्याला केवळ परिपत्रकातून 'आइसपॅक कंडिशन करावेत' एवढंच वाचायला मिळालं, तो घाईच्या सकाळी ते पाळेलच असं नाही. मला शिक्षण म्हणायचं आहे ते या दोन कुप्यांसारखं. जे कधी दिसत नाही ते एकदा दाखवणारं.

इथपर्यंत अनुभव गप्प होता. काही ठिकाणी तो चुकीचं बोलतो, आणि ते जास्त घातक आहे.

सर्दी झालेलं, अंगात थोडी कणकण असलेलं बाळ सत्रावर येतं. नियमाप्रमाणे किरकोळ आजार हा लस टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. पण समजा सिस्टरांनी टोचलं आणि रात्री ताप चढला. दुसऱ्या दिवशी घरचे लोक उपकेंद्रासमोर उभे. उलट समजा त्यांनी 'बरं झाल्यावर आणा' म्हणून परत पाठवलं. कुणी भांडायला येत नाही. आई समाधानाने जाते. मग दिवाळी होते, घर ऊसतोडीला निघतं, बाळ सहा महिने फडावर राहतं आणि त्याचे दोन-तीन डोस हुकतात. त्या बाळाला गोवर झाला तर तो कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी कारखान्याच्या आवारात होतो, खुलताबादच्या सिस्टरांना त्याची वार्ताही लागत नाही. दहा वर्षांच्या अशा अनुभवातून माणूस काय शिकेल? परत पाठवणं सुरक्षित, असंच शिकेल. कामचुकारपणामुळे नव्हे, त्याच्यापर्यंत पोहोचणारी सगळी उत्तरं त्याच दिशेची असतात म्हणून.

गोवराचा हिशेब तर अजून फसवा आहे. एक गाव धरू. त्यात शंभर लहान मुलं. नव्वदांना नवव्या महिन्यात गोवराचा डोस मिळाला, दहांना नाही. त्या वयातला एक डोस साधारण शंभरातल्या पंच्याऐंशींना संरक्षण देतो. म्हणजे लस घेतलेल्या नव्वदांपैकी तेरा-चौदा मुलं उघडी राहिली. गावात गोवर आला. लस न घेतलेली दहाही मुलं आजारी पडली आणि ही तेरासुद्धा. आता सिस्टर घरोघर फिरून यादी करतात. तेवीस रुग्ण, त्यांतले तेरा लस घेतलेले. निम्म्याहून जास्त! गावात चर्चा होते की लस घेऊनही गोवर होतोच, आणि सिस्टरांच्या मनातही पाल चुकचुकते. त्यांनी स्वतःच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आकडा आहे, तो खोटा कसा म्हणायचा? आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे. नव्वदांतले तेरा आणि दहांतले दहा असे शेजारी मांडले की चित्र उलटतं. लस न घेतलेलं प्रत्येक मूल आजारी पडलं, लस घेतलेली सत्त्याहत्तर मुलं वाचली. ती सत्त्याहत्तर यादीत नाहीत, कारण निरोगी मुलांची यादी कुणी करत नाही. आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस कशासाठी, हेही याच हिशेबातून उमगतं. पहिल्या डोसात उघडी राहिलेली बहुतेक मुलं त्याने झाकली जातात. भागाकार येणाऱ्या कुणालाही हे अर्ध्या तासात समजावता येतं, पण कुणीतरी ते समजावायला हवं. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला गोवराचा उद्रेक झाला, मुलं दगावली, राज्याने डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत जादा डोसाच्या फेऱ्या घेतल्या. तेव्हा 'लस घेऊनही झाला' हे वाक्य किती दारांत आरोग्यसेविकांना ऐकावं लागलं असेल.

आजार मागे हटतो तसा तोही शिकवेनासा होतो. घटसर्पाच्या मुलाच्या घशातला राखाडी पडदा जुन्या पिढीच्या डॉक्टरांनी पुष्कळ पाहिला. आजचा तरुण वैद्यकीय अधिकारी तो पुस्तकातल्या चित्रावरून ओळखतो. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यानंतर नोकरीला लागलेल्या कितीतरी सिस्टरांनी पोलिओने नुकताच लुळा पडलेला पाय कधी पाहिलेला नाही. फार चांगलं झालं. पण ज्या भीतीने पूर्वीची माणसं पेटी जपून न्यायची, ती भीती आता अनुभवातून येणार नाही. तिची जागा समजुतीने घ्यायला हवी.

कधीतरी एखादी चूक मात्र ओरडून बोलते. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईची, वॉल्डेमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतली. त्या दिवशी १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे गेले. दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांचं पद गेलं. बाटली गावात उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत आतल्या जंतूंमुळे तिला घाण वास आला असता, तसा तो आला नव्हता. हा साधा मुद्दा मान्य होऊन हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. पुढे १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचंच नाव दिलं गेलं. एवढी मोठी दुर्घटना, इतके मृत्यू, आणि तरी कारण समजायला पाच वर्षं लागली. ओरडून बोलणाऱ्या चुकीची ही कथा, तर गोठलेल्या पेंटाव्हॅलेंटची चूक कोण ऐकणार?

या सगळ्याच्या जोडीला नियम बदलत राहतात. १९९० च्या सुमारास नोकरीला लागलेल्या आरोग्यसेविकेने काचेच्या सिरिंज उकळून सुरुवात केली. मग एकदाच वापरता येणाऱ्या, आपोआप अडकणाऱ्या सिरिंज आल्या. गोवराचा दुसरा डोस आला. पेंटाव्हॅलेंट आली. २०१५ च्या शेवटी टोचायची पोलिओ लस आली, एप्रिल २०१६ मध्ये तोंडाच्या पोलिओ लशीतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढला गेला. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, २०१९ मध्ये रोटाव्हायरस, धनुर्वाताच्या टीटीच्या जागी टीडी, २०२१ मध्ये न्यूमोकोकल. २०२३ पासून टोचायच्या पोलिओचा तिसरा डोस. कागदी रजिस्टरच्या जोडीला मोबाइलवर लसीकरणाच्या नोंदीचं यू-विन. एका नोकरीत एवढं. आज चौदा आठवड्यांच्या बाळाला एकाच बैठकीत तीन सुया आणि तोंडाने दोन लशी द्याव्या लागतात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओ. कुठली सुई कुठे, कुठल्या थरात, हे पाठ केलं तर एक वर्ष टिकतं. कारण समजलं तर पुढचा बदलही पचतो.

पोलिओच्या सुईचंच घ्या. पूर्ण डोस ०.५ मिलिलिटर, स्नायूत. आपण देतो ०.१ मिलिलिटर, कातडीच्या थरात. पाचवा हिस्सा! सांगितलं नाही तर कुणालाही वाटेल की सरकारने गरिबांच्या लेकरांच्या डोसात काटकसर केली. लशीचा जगभर तुटवडा होता, ही गोष्ट खरी. पण कातडीत रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पहारेकरी पेशी स्नायूपेक्षा कितीतरी दाट असतात, म्हणून तिथे थोडी लस पुष्कळ काम करते, हेही तितकंच खरं. मात्र सुई जरा खोल गेली, कातडीवर मसुरीएवढी फुगवटी उठली नाही, तर तो पाचवा हिस्सा चुकीच्या थरात पडतो. हात आणि समजूत दोन्ही इथे लागतात, आणि हात मांडीत टोचायला सरावलेला असतो.

डॉक्टरांसाठी शिक्षणाची सोय नाही असं नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस तासांचे गुण मिळवावे लागतात. फ्रान्समधल्या ॲनसी गावी २००० सालापासून लसशास्त्राचा प्रगत अभ्यासक्रम चालतो, आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही तसा अभ्यासक्रम चालवला आहे. बालरोगतज्ज्ञांची संघटना आपलं वेळापत्रक सतत सुधारत असते. हे सगळं हवंच. पण हे ज्ञान शहरातल्या हॉटेलच्या सभागृहात जमा होतं आणि तिथून खाली झिरपताना नुसते नियम उरतात, कारणं वाटेत गळतात. मला हे मनापासून खटकतं. ज्या हातात सिरिंज असते त्या हाताला कारण सगळ्यांत शेवटी मिळतं. कधी मिळतच नाही.

आणि प्रश्न मात्र त्यालाच विचारले जातात. 'सरकारी सुईने ताप येतो, शहरात बिनतापाची मिळते, मग आम्ही इथे का टोचायचं?' हा प्रश्न खुलताबादच्या आईला पडतो, कारण संभाजीनगर फार लांब नाही आणि कुणाच्या तरी बहिणीने तिथे पैसे मोजून बाळाला लस दिलेली असते. सरकारी पेंटाव्हॅलेंटमध्ये डांग्या खोकल्याचा जंतू मारून पण अख्खा घातलेला असतो, बिनतापाच्या लशीत त्याचे निवडक तुकडे असतात. अख्ख्या जंतूने ताप जास्त येतो, पण संरक्षणही जास्त काळ टिकतं. एवढं सिस्टर शांतपणे, मराठीत एका घरी आणि उर्दूमिश्रित हिंदीत पलीकडच्या मोहल्ल्यात सांगू शकल्या, तर आई कमीपणा न वाटता बाळ पुढे करते. सांगू शकल्या नाहीत, तर 'वरून आलंय, द्यावंच लागतं' एवढंच उरतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोविड लसीकरणात जिल्हा मागे पडला तेव्हा प्रशासनाने एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल नाही, वेरूळसारख्या पर्यटनस्थळी प्रवेश नाही, असे आदेश काढले. त्या आदेशांनी रांगा लागल्या असतील. मनातला प्रश्न मात्र आदेशाने सुटत नाही, तो पुढच्या लशीच्या वेळी परत येतो.

शिकण्याची एक अट मात्र आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. चूक सांगता आली पाहिजे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं सुदैवाने वाचली, तिघांचं निलंबन झालं. राग येणं अगदी योग्य होतं. पण कोविडच्या त्या दिवसांत सॅनिटायझर प्रत्येक बूथच्या टेबलावर होता, आणि थेंब पाजायच्या जागी तो हाताशी असावा का, हा प्रश्न निलंबनाच्या बातमीपुढे मागे पडला. निलंबनाची बातमी वाचून राज्यभरच्या सिस्टर सावध राहायला शिकल्या असतील, तसंच आपली चूक कुणाला कळू द्यायची नाही हेही शिकल्या असतील. जिथे काम स्वतःहून उत्तर देत नाही, तिथे माणसंही गप्प झाली तर शिकायला काहीच उरत नाही.

तालुक्याला दर महिन्याला आढावा बैठक होते. किती बाळांना लस द्यायची होती, किती जणांना दिली, टक्के किती, कुठलं उपकेंद्र मागे, यात सकाळ जाते. त्या बैठकीतला एक तास आकड्यांशिवाय ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या महिन्यात एका सत्रावर स्वतः सतरंजीवर बसून जे पाहिलं ते सांगावं. एखाद्या सिस्टरने आपली पेटी कशी गोठली ते सांगावं आणि त्याबद्दल तिला नोटीस मिळू नये. आशाताईंनी दारात ऐकलेला सगळ्यांत अवघड प्रश्न मांडावा, आणि त्याचं उत्तर कुणालाच आलं नाही तर ते संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या प्राध्यापकांना विचारून पुढच्या महिन्यात आणावं. खुलताबादेत दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांनाही बोलवावं, कारण लस तेही देतात आणि त्यांच्या फ्रिजचं तापमान कुणी विचारत नाही.